खाशाबा जाधव : हेलसिंकीच्या आधीची वर्षे

कृष्णाकाठ

खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव निघाले की बोलणे दोन ठिकाणी जाऊन थांबते. एक म्हणजे १९५२ चे हेलसिंकीचे कांस्यपदक आणि दुसरे म्हणजे त्यानंतर त्यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा. दोन्ही खरे आहे आणि दोन्हींवर पुष्कळ लिहून झाले आहे. या धाग्यात मला त्याच्या आधीच्या काळाविषयी बोलायचे आहे. गोळेश्वरच्या मातीपासून १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत आणि फार तर तेथून पुढच्या चार वर्षांच्या तयारीपर्यंत. मॅटचा सराव नसलेला बावीस वर्षांचा मुलगा पहिल्याच ऑलिंपिकमध्ये सहावा येतो, तो घडला कसा, एवढाच माझा प्रश्न आहे.

ज्यांना तपशील आठवत नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचा. पाच भावांत हे धाकटे. आजोबा आणि वडील दोघेही पैलवान, त्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी पोराला मातीत उतरवले. पुढे १९४० ते १९४७ या काळात कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झाले. मधेच बेचाळीसची चळवळ आली. साताऱ्यात प्रतिसरकारचा जोर होता, आणि शाळकरी खाशाबाही भूमिगतांना आसरा देणे, निरोप व पत्रके पोहोचवणे अशा कामांत होते. शाळा संपल्यावर ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांची नावे त्यांचे मार्गदर्शक म्हणून घेतली जातात.

आता माझे म्हणणे मांडतो. खाशाबांच्या यशाची कथा आपण गरिबी आणि जिद्द या दोनच शब्दांत बसवतो. त्यात त्यांच्या कुस्तीविषयी अक्षरही नसते. गरीब आणि जिद्दी पैलवान त्या काळी गावोगाव होते. खाशाबा वेगळे होते ते अंगकाठीने. ते हलक्या वजनाचे होते, आणि आपल्याकडच्या कुस्तीच्या जगात हलक्या वजनाला तेव्हा (आणि बऱ्याच अंशी आजही) मान नव्हता. यात्रेच्या फडावर पहिल्या नंबरची कुस्ती लागते ती आडव्या अंगाच्या, दांडग्या पैलवानांची. लहान चणीच्या पोराची कुस्ती दुपारी उन्हात, रेवड्यांवर नाहीतर नारळावर उरकली जाते. त्याने कितीही देखणा डाव टाकला तरी संध्याकाळी हलगी वाजते ती दुसऱ्याच कोणासाठी. गुलाल, फेटा आणि रोख इनाम यांच्या हिशेबात ५२ किलोचा पैलवान बसतच नाही.

ऑलिंपिकच्या कुस्तीत मात्र वजनाचे गट होते. त्या मुलाला त्याच्याएवढाच गडी समोर मिळणार होता. म्हणून मला वाटते की खाशाबांसाठी शाळा आणि महाविद्यालयांच्या स्पर्धा हाच खरा रस्ता होता. तालमीने त्यांना डाव दिले, पण त्या डावांना न्याय मिळेल अशी जागा शिक्षणामुळे मिळाली. कोल्हापुरातली ती गोष्ट सर्वांना ठाऊक असेलच. महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेसाठी ते नाव द्यायला गेले, तेव्हा त्यांची किरकोळ शरीरयष्टी पाहून क्रीडा शिक्षकांनी त्यांना परत पाठवले. मग ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा अंगापिंडाने मोठ्या पोरांना एकापाठोपाठ लोळवले. प्रसंग गमतीने सांगितला जातो, पण नाव नाकारणाऱ्याची नजर ही त्या वेळच्या अख्ख्या कुस्तीशौकिनांची नजर होती, हे त्यात विसरले जाते.

जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर दुरुस्तही करावे.

जुनी तालीम

कृष्णाकाठ, धागा उत्तम आहे. मी महाविद्यालयात असताना विद्यापीठ स्तरापर्यंत कुस्ती केली आहे, त्याआधी सहा वर्षे गावच्या तालमीत मातीत काढली. त्यामुळे मातीवरून मॅटवर जाणे म्हणजे काय, याबद्दल अंगाने अनुभवलेले लिहितो. म्हणजे १९४८ मधले सहावे स्थान किती मोठे आहे याचा अंदाज येईल.

आखाड्याची माती ही नुसती माती नसते. ती चाळून, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू घालून, खोऱ्याने खालीवर करून मऊ केलेली असते. कुस्तीआधी दोघे एकमेकांच्या अंगावर ती चोळतात. घाम आला की तिचा लेप होतो आणि समोरच्याचा हात निसटत नाही. मॅटवर तसे काही नसते. पहिल्या दिवशी मी पट काढायला, म्हणजे समोरच्याची मांडी धरून ओढायला, म्हणून खाली गेलो आणि घामाने निथळणारी ती मांडी साबणासारखी हातातून सुटली. मातीत पाय थोडा रुततो, म्हणून आपण टाच दाबून उभे राहायला शिकलेलो असतो. मॅटवर बूट घालून चवड्यावर राहावे लागते. पहिले दोन महिने माझ्या पोटऱ्या रोज रात्री भरून यायच्या.

याहून मोठी अडचण नियमांची आहे. मातीच्या कुस्तीत लांगेला, म्हणजे लंगोटाला, हात घालून पकड घेता येते. गडी खाली धरला की अर्धे डाव त्या पकडीवरच चालतात. फ्रीस्टाईलमध्ये, म्हणजे मॅटवरच्या या ऑलिंपिक कुस्तीत, पोशाखाला हात लावायचा नाही. म्हणजे वस्तादाने दहा वर्षे जे शिकवले त्यातला मोठा भाग आखाड्याबाहेर ठेवूनच मॅटवर चढायचे. शिवाय मातीत कुस्ती म्हणजे निकाल, आणि निकाल म्हणजे चितपट. तासभर लागला तरी चालतो, दमवून मारणे हीसुद्धा विद्याच आहे. तिकडे वेळ ठरलेली, पंच बसलेले, आणि चीत नाही झाली तर कोण वरचढ होता ते त्यांनी ठरवायचे. आपला पैलवान दमाने घेत असतो आणि तेवढ्यात घंटा होते.

बावीस वर्षांच्या खाशाबांनी हे सारे लंडनमध्ये जवळजवळ पहिल्यांदा पाहिले आणि तरीही सहावा क्रमांक काढला. मला पदकापेक्षा त्याचेच नवल जास्त वाटते.

गणितवेडा

एक मूलभूत शंका आहे. कुस्तीत हरलेला बाद होतो असे मी समजत होतो. मग कुस्ती हरूनही सहावा क्रमांक कसा मिळतो? आणि हेलसिंकीत तर दोन कुस्त्या हरून पदक मिळाले आहे.

कृष्णाकाठ

गणितवेडा, शंका रास्त आहे आणि या नियमाचा खाशाबांच्या कारकिर्दीशी थेट संबंध आहे. त्या काळी एका पराभवाने कोणी बाहेर पडत नसे. उण्या गुणांची पद्धत होती. प्रतिस्पर्ध्याला चितपट केले तर तुमच्या नावावर शून्य उणे गुण, पंचांच्या कौलाने जिंकलात तर एक, आणि सरळ पराभव झाला तर तीन. असे पाच गुण साचले की पैलवान बाद. शेवटी उरलेल्यांत क्रम लागे.

यातून काय निघते ते पाहा. नुसते जिंकून भागत नाही, चीत करून जिंकणाऱ्याच्या खात्यात शिल्लक राहते आणि पुढे एक पराभव पचवता येतो. गुणांवर जिंकत राहणारा मात्र प्रत्येक विजयागणिक थोडा थोडा खर्च होत असतो. आता मातीत वाढलेल्या पैलवानाचा विचार करा. त्याला चितपट सोडून दुसरा निकालच माहीत नाही. जुनी तालीम यांनी मातीच्या सवयींचे तोटे अचूक सांगितले, पण ही एक सवय या नियमाखाली फायद्याची होती. हेलसिंकीत मेक्सिकोच्या बासुर्तोला त्यांनी चितपट केले होते, हे या हिशेबात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लंडनला त्यांचा गट फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोचा होता. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. गटाचे सुवर्ण फिनलंडच्या लेनार्ट व्हीटालाने घेतले, रौप्य तुर्कस्तानच्या हालित बलामिरने आणि कांस्य स्वीडनच्या थुरे योहान्सनने. फिनलंड, तुर्कस्तान, स्वीडन, इराण या चारही देशांत कुस्ती घराघरांत मुरलेली आहे. अशा यादीत आपल्या गोळेश्वरचे नाव सहावे आहे.

टेम्सकाठी

मी गेली बरीच वर्षे लंडनमध्ये राहते. माहेर इस्लामपूरचे, त्यामुळे खाशाबांचे नाव लहानपणापासून कानावर. १९४८ च्या कुस्त्या अर्ल्स कोर्टजवळच्या एम्प्रेस हॉलमध्ये झाल्या होत्या. इथे आल्यावर मी ती जागा शोधत गेले, तर तो हॉल केव्हाच पाडलेला. त्या जागी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली एम्प्रेस स्टेट बिल्डिंग नावाची उंच कचेरी आहे. खाशाबांची काही खूण असेल अशी आशा नव्हतीच, तरी पाच मिनिटे रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. ते ऑलिंपिक महायुद्धानंतरचे पहिले होते आणि ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग चालू होते. खेळाडूंसाठी नवे निवासगृह बांधले गेले नाही. पुरुष खेळाडू सैन्याच्या आणि हवाईदलाच्या छावण्यांत राहिले. दूध, तूप, बदाम आणि थंडाईवर वाढलेल्या पैलवानाचे त्या शिध्यावर कसे भागले असेल, हा विचार मनात येतोच. अर्थात ५२ किलोच्या आत राहायचे होते, तेव्हा कदाचित ती अडचण सोयीचीही ठरली असेल!

कृष्णाकाठ, त्यांना लंडनला पाठवण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता ना?

कृष्णाकाठ

होय ताई, कोल्हापूर दरबाराने. येथे एक बारकावा आहे आणि तो पदकाच्या गोष्टीत नेहमी गळतो. १९४८ च्या उन्हाळ्यात कोल्हापूर संस्थान अजून उभे होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. कोल्हापूरच्या कुस्तीचा सारा डोलारा शाहू महाराजांच्या वेळेपासून राजाश्रयावर उभा होता. १९१२ मध्ये खुले झालेले खासबाग मैदान, गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी, पैलवानांचा खुराक, बाहेरच्या मल्लांना निमंत्रणे, हे सगळे त्याच छत्राखाली. खाशाबा पहिल्या ऑलिंपिकला गेले ते या व्यवस्थेच्या अखेरच्या वर्षात. दुसऱ्या ऑलिंपिकची वेळ आली तेव्हा ते छत्र राहिले नव्हते आणि लोकशाही सरकारच्या खेळ खात्याची घडी अजून बसायची होती. म्हणून १९५२ मध्ये प्राचार्यांना स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे करावे लागले आणि गावकऱ्यांनी जमेल ते, अगदी प्रवासाचा शिधासुद्धा, गोळा करून दिला.

वर्गणीची ही गोष्ट आपण केवळ हृद्य म्हणून सांगतो. तिच्या मुळाशी मात्र एक आश्रय संपून दुसरा सुरू न झालेला मधला काळ आहे. खाशाबा त्या फटीत सापडले होते.

रानजाई

धागा वाचताना एक शब्द खटकतो. वृत्तपत्रांत या कुस्तीला ‘हौशी कुस्ती’ म्हणतात. हौशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रविवारी सकाळी टेकडीवर जाणारे काका येतात. हजार जोर आणि हजार बैठका मारणाऱ्याला हौशी कसे म्हणावे?

जुनी तालीम

रानजाई, शब्द फसवा आहे खरा. तिथे हौशी म्हणजे इनामासाठी, बिदागीवर न लढणारा, इतकेच. त्या काळी ऑलिंपिकमध्ये व्यावसायिक खेळाडूंना मज्जाव होता. मेहनतीत हौशी आणि धंदेवाईक यांत काही फरक नव्हता. तालमीचा दिवस पहाटे तीन-चारलाच सुरू होतो. आधी आखाडा खोदायचा, मग जोर, मग जोडीदारांशी लढत, संध्याकाळी बैठका. खाशाबांनी हे करून वर शाळा आणि महाविद्यालय सांभाळले.

तर्ककर्कश

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. लंडनच्या तयारीत त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळाले होते. मग सहाव्या क्रमांकाचे श्रेय त्या परदेशी शिक्षणाला द्यायचे की तालमीला? आपण भावनेच्या भरात सगळेच मातीच्या पदरात टाकतो. मातीतच सर्व काही होते, तर त्याआधी आपले पैलवान जगात का चमकले नाहीत?

जुनी तालीम

तर्ककर्कश साहेब, राग कसला, प्रश्न योग्य आहे. गार्डनर यांचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. मॅटवर उभे कसे राहायचे, घड्याळाकडे लक्ष ठेवून कधी चढाई करायची, पंचांना काय दिसते, हे कोणीतरी शिकवावेच लागते. पण प्रशिक्षक काही आठवड्यांत नवा डाव रक्तात उतरवू शकत नाही. असलेल्या डावांपैकी कोणता मॅटवर चालेल ते तो सांगू शकतो. खाशाबांच्या भात्यात असा एक डाव तयार होता. तो म्हणजे ढाक.

ढाक ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उभ्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या मानेला एका हाताने वेढा द्यायचा, दुसऱ्या हाताने त्याचा दंड आपल्या काखेकडे ओढून घट्ट धरायचा, आणि त्याच क्षणी अंग वळवून आपली कंबर त्याच्या पोटाखाली सरकवायची. पाय योग्य जागी पडले तर तो तुमच्या कमरेवरून गरकन फिरतो आणि पाठीवर येतो. तुम्ही त्याच्या छातीवर आणि मान अजून तुमच्याच काखेत. म्हणजे पाडणे आणि दाबणे ही दोन कामे एकाच हिसक्यात होतात.

आता वर मी जे तोटे लिहिले त्यांच्याशी हे ताडून पाहा. ढाकेला लांगेची पकड लागत नाही, मान आणि दंड पुरतात. घामाने मांडी निसटते, पण मान निसटणे तितके सोपे नसते. हा डाव जमिनीवरच्या झटापटीत वेळ घालवत नाही, त्यामुळे घड्याळाची भीती कमी. आणि तो लागला की गुण मोजत बसण्याऐवजी बहुधा चितपटच. कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या उण्या गुणांच्या पद्धतीत याची किंमत किती, ते गणितवेडा सांगतील. हलक्या अंगाच्या पैलवानाला जोराऐवजी वेगावर आणि वळण्याच्या अचूक वेळेवर भिस्त ठेवावी लागते. ढाक हा त्या वेळेचाच डाव आहे. म्हणून माझे मत असे की मातीतला कोणता भाग मॅटवर नेता येतो, हे खाशाबांच्या बाबतीत आधीच ठरून गेले होते, आणि गार्डनर यांनी त्याला आकार दिला.

तर्ककर्कश

पटले. निदान ढाकेपुरते तरी पटले.

वाचनमात्र

या निमित्ताने त्यांना अजून पद्म पुरस्कार मिळालेला नाही हा विषय घ्यावा असे वाटते. मरणोत्तर अर्जुन पुरस्कारसुद्धा त्यांच्या निधनानंतर दीड दशक उलटल्यावर आला. आपण सह्यांची मोहीम काढू या का?

कृष्णाकाठ

वाचनमात्र, भावना समजते आणि मागणी योग्यच आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. येथे तो विषय आला की बाकीचे सारे वाहून जाते, असा माझा अनुभव आहे.

मूळ मुद्द्याकडे येतो. लंडनहून परतल्यावरची चार वर्षे मला पदकाइतकीच महत्त्वाची वाटतात. पहिला बदल वजनाचा. ५२ किलोवरून ते बँटमवेटला, म्हणजे ५७ किलोला गेले. हा निर्णय वरून साधा दिसतो, पण वरच्या गटात जाणे म्हणजे ज्या गटात तुम्ही जगात सहावे आहात तो सोडून अनोळखी गड्यांत उतरणे. बावीसचा मुलगा सव्विसाव्या वर्षी पुरुष झालेला असतो. शरीर भरले की खालचे वजन टिकवण्यासाठी खुराक तोडावा लागतो आणि ताकद जाते. त्यांनी तो मोह टाळला.

दुसरी गोष्ट निवडीची. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी आपल्याला एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे, यादवेंद्र सिंग यांच्याकडे त्यांनी दाद मागितली. महाराजांना कुस्तीची आवड होती. त्यांनी चाचणी कुस्ती लावायला सांगितले आणि कलकत्त्याच्या निरंजन दास यांच्याविरुद्धच्या त्या कुस्तीत खाशाबांनी निर्विवाद विजय मिळवला. महाविद्यालयात नाव नाकारले गेले तेव्हा प्राचार्यांच्या दारात उभा राहिलेला मुलगा येथेही दिसतो. कोणाकडे जायचे, काय मागायचे हे त्याला कळत होते. त्याने दोन्ही वेळा मागितले काय, तर फक्त कुस्ती.

प्रीतिसंगम

मी कराडचा. आमच्या घरात मिरवणुकीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. हेलसिंकीहून परतल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांचा तो रस्ता, त्याला सात तास लागले. आमचे आजोबा शिंगांना बेगड लावून आपली जोडी घेऊन गेले होते. ते सांगत, ‘गाडी पुढं सरकंना, म्हणून बैलास्नी तिथंच वैरण टाकली.’ लोक पदक बघायला आले होते हे खरे, पण आजोबांना विचारले तर ते पदकाचे नाव काढत नसत. म्हणत, ‘एवढंसं पोरगं, पण काय ढाक मारायचं!’ जुनी तालीम यांचा प्रतिसाद वाचून ते वाक्य आठवले.

गणितवेडा

जुनी तालीम यांनी मला गृहपाठ दिला होता, तो करून आणला आहे. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा पोलिक्वँ, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून ते हरले. समजा तिन्ही विजय पंचांच्या कौलाने असते तर त्यांचेच तीन उणे गुण झाले असते. मग शेवटच्या दोघांपैकी एकाशी हरताच बेरीज सहा, म्हणजे बाद. चितपटीच्या विजयामागे एकेक गुण वाचतो. सोप्या भाषेत, चितपट म्हणजे पुढच्या फेरीसाठी साठवलेली शिदोरी. पदक कोणत्या कुस्तीत मिळाले असे विचारले तर मी आता पहिल्या फेऱ्यांकडे बोट दाखवीन.

मात्र एक प्रश्न उरतो. इशीबरोबरची कुस्ती संपल्यावर लगेच त्यांना मम्मदबेयोवविरुद्ध उतरावे लागले, असे वाचले आहे. हे नियमात बसत होते का?

कृष्णाकाठ

बसत नव्हते. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. इशीशी पंधरा मिनिटांची झुंज झाली होती, तरी त्यांना बोलावले गेले आणि आपल्या बाजूने भांडायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. निवडीच्या वेळी दाद मागायला पतियाळाचे महाराज होते, महाविद्यालयात प्राचार्य होते. त्या संध्याकाळी मॅटच्या कडेला कोणीच नव्हते.

त्याच ऑलिंपिकमध्ये वरच्या, ६२ किलोच्या गटात केशव माणगावे चौथे आले, तेही कोल्हापूरच्या कुस्तीतलेच. त्यांच्यावर मराठीत फार कमी लिहिले गेले आहे. कोणाकडे माहिती असल्यास जरूर द्यावी.

रानजाई

५७ किलो हा आकडा वाचून चमकले. टोकियोत रवी दहियाचे रौप्य ५७ किलोत, पॅरिसमध्ये २०२४ ला एकवीस वर्षांच्या अमन सेहरावतचे कांस्य ५७ किलोत, आणि आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेचे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णही ५७ किलोतच. म्हणजे खाशाबांच्याच वजनात भारताचे इतके यश आहे. तरी आपल्याकडे घराघरांत माहीत असतो तो महाराष्ट्र केसरी, आणि त्या किताबाची लढत असते ८६ ते १२५ किलोच्या गड्यांची.

जुनी तालीम

अगदी मर्मावर बोट ठेवलेत. राहुल आवारेसारख्या मल्लाला, ज्याने २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवले, महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी लढताच येत नाही. आमच्या तालमीतही हलक्या पोरांना वस्ताद पहिला सल्ला देत तो ‘अंग धर’ असाच. मला स्वतःला दोन वर्षे दूध-तूप रिचवून ६५ वरून ७४ ला नेले, आणि मी दोन्हीकडचा राहिलो नाही. वरच्या गटात उंची कमी पडली, खालच्या गटात परत जाता आले नाही.

हळवापालक

बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, वजन ३८ किलो. तालमीत जाऊन दीड वर्ष झाले. शालेय स्पर्धेत जिल्ह्यापर्यंत गेला. परवा गावच्या यात्रेत त्याला जोड मिळाली नाही, कारण पंच म्हणाले की एवढ्या लहान पोराची कुस्ती बघायला कोण थांबणार. घरी येऊन तो न जेवता झोपला. वजन वाढवायचे की आहे तसे राहू द्यायचे, हे मला कळत नाही. त्याला मी काल खाशाबांचे लंडनचे निकाल दाखवले. त्याने एकच विचारले, ‘बाबा, त्यांचं वजन किती होतं?’

जुनी तालीम

साहेब, तेरा वर्षांच्या मुलाचे वजन ठरवायला जाऊ नका, त्याचे शरीर ते ठरवील. पोटभर जेवू द्या, झोपू द्या, आणि यात्रेच्या जोडीपेक्षा शालेय आणि वजनगटाच्या स्पर्धांकडे लक्ष द्या. तालमीजवळ कोठे मॅटची सोय असेल तर आठवड्यातून दोन दिवस तिथे पाठवा. म्हणजे माझ्यासारखे एकोणिसाव्या वर्षी पोटऱ्या चोळत बसावे लागणार नाही. आणि वस्तादांना विचारा की त्याला ढाक शिकवायला घेतली आहे का. घेतली असेल तर वळताना त्याचा डावा पाय कोठे पडतो ते मला इथे लिहून कळवा. बहुतेक मुले तिथेच चुकतात, पाय समोरच्याच्या पायांच्या बाहेर टाकतात आणि मग कंबर खाली जातच नाही.

हळवापालक

विचारले. सुरुवात झाली आहे म्हणे. पाय बाहेरच पडतो.